शेजघर, वस्त्रागार व न्हाणीघर
निद्रा, वेषपालट आणि स्नान यांच्या जागा एकमेकींस जोडून बांधण्याची निवासरचना. महाराष्ट्रातील सर्वसामान्य घरांत ती विसाव्या शतकात रूढ झाली. तत्पूर्वी या जागा बहुधा हेतुतः दूर ठेवीत. सोलापूर जिल्ह्यातील माढा परिसरातील जुनी माळवदाची घरे हे याचे चांगले उदाहरण होय.

दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी तुळया आणि त्यांवर दाबून बसविलेली पांढरी माती अशी माळवदाची घडण असते. पर्जन्यछायेच्या या प्रदेशात ते उन्हाळ्यात गारवा देते. मात्र सततची ओल त्यास सोसत नाही. त्यामुळे न्हाणी परसात किंवा चौकाच्या कडेला, चूल व रांजण यांच्याजवळ असे. पाणी आडावरून वाहून आणावे लागे. ते निजण्याच्या खोलीपर्यंत नेण्याचे प्रयोजनच नव्हते. कपडे खुंट्यांवर, दांडीवर, फडताळात वा संदुकीत ठेवीत. सोवळे पाळणाऱ्या घरांत धूतवस्त्र उंच दांडीवर वाळत घालून काठीने काढीत. अंथरुणाचा स्पर्श विटाळ मानला जाई. तेव्हा शेजेपासून न्हाणीचे अंतर हा आचाराचाही भाग होता. वाड्यातील शौचकूप दूरच्या कोपऱ्यात असे. एकदोन खणांच्या घरांत यांपैकी काहीच नसे. तेथील स्त्रिया पहाटेच्या अंधारात तुराट्यांच्या आडोशामागे स्नान उरकीत. या रचनेचा खरा भार त्यांच्यावरच पडे.

राजगृहांत हे अंतर कमी झालेले दिसते. रायगडावरील राणीवशाच्या महालांमागे दगडी शौचकूपांचे अवशेष आहेत. मराठा दरबारातील ‘जामदारखाना’ हे राजवस्त्रे व जडजवाहीर ठेवण्याचे खाते. त्याच्या नावात ‘जामा’ म्हणजे वस्त्र हा शब्द आहे. मोगलांचा ‘घुसलखाना’ म्हणजे शयनमहालालगतचे स्नानगृह. परंतु तेथे निवडक मंडळींची खलबते होऊ लागल्याने ते नाव खासगी दरबारासच मिळाले.

आजच्या जोडरचनेचा जवळचा पूर्वज इंग्रज अधिकाऱ्यांचा बंगला होय. त्यात शयनगृहालगत कपडे बदलण्याची खोली आणि तिच्यापलीकडे स्नानगृह असे. स्नानगृहास बाहेरून वेगळे दार ठेवीत; त्यातून पाणक्या व मेहतर येत-जात. ही सोय नळाने नव्हे, माणसांच्या श्रमाने चाले, ही गोष्ट नकाशे पाहताना सहसा ध्यानात येत नाही. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सुधार विश्वस्त मंडळ (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन झाले. त्याच्या दादर-माटुंगा योजनांत पुढे जे ‘ब्लॉक’ उभे राहिले, त्यांत मध्यमवर्गीयांना घरातच न्हाणीघर व पाण्याचा संडास मिळाला. चाळीतील सामाईक संडासाची रांग त्यांच्यापुरती संपली.

माढा तालुक्यातच भीमा नदीवर उजनी धरण झाले (१९८०). पुढील दशकांत परिसरात नळपाणी, सिमेंटचा गिलावा आणि स्लॅब यांमुळे ओलीचे जुने भय ओसरले. शेजघरास न्हाणीघर जोडणे शक्य झाले. तथापि मधले वस्त्रागार खिडकीविना ठेवल्यास वाफेने कपड्यांना बुरशी येते. म्हणून त्यास स्वतंत्र वायुवीजन आणि न्हाणीची जमीन दोनतीन बोटे खाली ठेवणे इष्ट ठरते. मेहतराचे दार नकाशातून गेले, पण मैल्याची टाकी राहिली. हाताने मैला उचलण्यास व कोरड्या संडासांस १९९३ च्या कायद्याने बंदी झाली. संरक्षक साधनांविना टाकीत माणूस उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले. त्यानंतरही अशा टाक्यांत सफाई कामगारांचे मृत्यू घडले आहेत.