घरचा वाटा

दलित विद्यार्थी शिकला तो सरकारच्या पैशावर, हे विधान मराठवाड्यात इतक्या वेळा आणि इतक्या निर्धास्तपणे केले गेले आहे की ते करणाऱ्याला पुराव्याची गरज कधी भासली नाही. 'सरकारचे जावई' ही शिवी याच विधानाचे अपत्य. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर ज्या वस्त्या जळाल्या, त्यांच्या आगीत शिष्यवृत्तीविषयीची असूयाही होती. या विधानात एक हिशेब गृहीत धरलेला आहे: शासनाने दिले, घराने काहीच दिले नाही. हा हिशेब एकदा मांडून पाहिला पाहिजे.

सुरुवात बाबासाहेबांच्याच घरापासून करू. मुंबईत शिकणाऱ्या भीमरावाला पुस्तक हवे असे, तेव्हा रामजी सुभेदार आपल्या विवाहित मुलींच्या दारात जात. एकीकडे पैसे नसले तर दुसरीचा दागिना घेत, तो सावकाराकडे गहाण ठेवत आणि पेन्शन हाती आले की सोडवून आणत. पुढे सयाजीराव गायकवाडांनी महाविद्यालयीन शिक्षणासाठी महिना २५ रुपये दिले आणि १९१३ साली कोलंबियासाठी महिना साडेअकरा पौंड. त्या मदतीच्या बदल्यात दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार झाला. इतिहासाने बडोद्याची शिष्यवृत्ती लक्षात ठेवली, आणि ते योग्यच झाले. परंतु बहिणींचे दागिने कोणत्या खात्यावर मांडायचे? ते चरित्रात हृद्य प्रसंग म्हणून येतात, खर्च म्हणून येत नाहीत.

राजाच्या औदार्यावर समाज उभा राहत नाही, हे बाबासाहेबांना स्वानुभवाने ठाऊक होते. म्हणूनच १९४२ साली मजूरमंत्री झाल्यावर, २९ ऑक्टोबरला व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी उच्च शिक्षणाचा प्रश्न निराळ्या भूमीवर नेला. देशात विज्ञान व तंत्रविद्या शिकणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी दोन लाख आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख, अशी त्यांची मागणी होती. बनारस आणि अलीगढच्या विद्यापीठांना केंद्र सरकार अनुदान देते, मग या समाजाला का नाही, हा त्यांचा सवाल होता. इथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या युक्तिवादात याचक कोणी नाही. एखाद्याचा बाप किती कमावतो हा त्यातला मुख्य मुद्दा नाही. एका समाजाचे राज्यावर असलेले देणे मागितले जात आहे. १९४४ साली भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली ती या मागणीतून.

मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. पदवी घ्यायची तर दूर हैदराबादेस, उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून शिकायचे. मानवतच्या कापसाच्या गाठी रेल्वेने जगभर जात होत्या. तो कापूस वेचणाऱ्या बाईचा मुलगा मात्र त्या रुळांवरून पदवीला जाईल, अशी कल्पनाही कोणी केली नसेल. १९५० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. तेव्हा कुठे मानवत रोड स्टेशनवरून पेटी घेऊन निघणे शक्य झाले. शिष्यवृत्ती आणि वसतिगृह या दोन आधारांवर एक पिढी उभी राहिली. आपल्या साहित्यातील कितीतरी नावे त्या आवारातून आली, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको.

पुढे योजनेत पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा आली आणि देण्याचे रूपांतर हळूहळू तपासणीत झाले. २०१० पासून ही मर्यादा दोन लाख, २०१३ पासून अडीच लाख; २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही तोच आकडा कायम राहिला. मधल्या काळात खताचे, तेलाचे, खोलीभाड्याचे भाव कुठे गेले ते वाचकाला ठाऊक आहेच. मर्यादेच्या वर गेलेल्याला महाराष्ट्रात शुल्कमाफी मिळते, निर्वाहभत्ता मात्र जातो. कायम नोकरीत लागलेल्या सफाई कामगाराचा मुलगा अशा रीतीने एका दाखल्यावर 'सधन' ठरतो.

अमेरिकेत हा प्रश्न अधिक उघडपणे विचारला गेला. तेथील महाविद्यालयांनी १९५४ साली कुटुंबाची ऐपत मोजण्याची समान पद्धत सुरू केली. त्यातून निघणाऱ्या आकड्याला पुढे 'अपेक्षित कौटुंबिक वाटा' म्हणू लागले. उत्पन्न, मालमत्ता, घरातील माणसे यांवरून तो काढायचा आणि खर्चातून वजा करायचा. उरेल ती गरज. हा वाटा शून्याखाली जात नसे. २०२४-२५ पासून नावही बदलले आणि पद्धतही. आता तो आकडा उणे १५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. तिथली बरीचशी मदत कर्जरूपाने मिळते, तेव्हा त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण घर शून्याच्याही खाली असू शकते, एवढे त्यांच्या कागदाने तरी मान्य केले. आमच्या कागदावर एकच रेघ आहे: अडीच लाखांच्या आत की बाहेर. आतल्या घरात चार माणसे आहेत की नऊ, हे तो विचारत नाही.

प्रवेशाच्या दिवसांत असे दाखले माझ्या टेबलावर येतात. तलाठ्याचा अहवाल, बापाचे प्रतिज्ञापत्र, तहसीलचा शिक्का आणि बहुधा एक गोल आकडा. ज्याला पगारपत्रकच नाही त्याचे उत्पन्न अंदाजानेच लिहिले जाणार. त्या आकड्यात वेचणीच्या हंगामात वर्गात बसलेल्या मुलाची बुडालेली मजुरी नसते. शिष्यवृत्ती येईपर्यंत काढलेल्या उचलीचे व्याज तर नसतेच.

आणि ती येते कधी? जुन्या नियमाप्रमाणे पंचवार्षिक योजना संपली की आदल्या खर्चाचा भार राज्यावर पडे आणि केंद्र फक्त वाढीव रक्कम देई. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राचा वाटा वर्षाला सुमारे ११०० कोटींवर आला होता. राज्ये हात आखडत होती. डिसेंबर २०२० मध्ये साठ टक्के केंद्राने आणि चाळीस टक्के राज्याने द्यायचे असे ठरले. दोन सरकारे आपापला वाटा ठरवत होती, त्या सगळ्या काळात तिसरा वाटा घर उचलत होते, आणि तो वाट पाहण्याचा होता. मेसचा महिना थांबत नाही, खोलीमालक थांबत नाही.

माझ्या पदवीच्या शेवटच्या वर्षाची शिष्यवृत्ती निकालानंतर जमा झाली. त्या वर्षी माझी धाकटी बहीण दहावी पास झाली होती. जूनमध्ये तिचा अकरावीचा अर्ज भरला नाही, आणि दिवाळीनंतर ती आईबरोबर वेचणीला जाऊ लागली. माझ्या दाखल्यातील घरच्या उत्पन्नात तिची मजुरी धरली होती की नाही, मला आता आठवत नाही. तिची अकरावी धरलेली नव्हती.