दोनच्या शिफ्टची वेळ

भिलाईला समुद्र नाही, पण समुद्राशी नातं आहे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की बहुतेक वेळा ते ओडिशा ओलांडून छत्तीसगडवरून मध्य प्रदेशाकडे सरकतं, आणि इथल्या सेक्टरांत दोन-दोन दिवस झड लागते. त्याच वेळी पश्चिमेकडे अरबी समुद्रावरचे वारे जोर धरतात. ते बाष्प सह्याद्रीला अडतं आणि कोकणावर रितं होतं. आपली झड आणि मुंबईचा पूर ही एकाच दोरीची दोन टोकं असतात. 26 जुलै 2005 रोजी ती दोरी जबर ताणली गेली. त्या दिवसाचा हिशेब लोक 944 मिलिमीटर पावसाच्या आकड्यावर मांडतात. इथे तो घड्याळावर मांडला आहे.

रविवार, 24 जुलै
उपसागराच्या वायव्य भागात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि जमिनीकडे निघतं. जुलैत असं होतच असतं. मुंबईकडे तेव्हा डॉप्लर रडार नाही. ढग किती उंच वाढलेत आणि पुढच्या दोन तासांत कुठे फुटणार, हे पाहायला डोळाच नाही.

मंगळवार, 26 जुलै, सकाळी 8:30
उपनगरातलं सांताक्रूझ आणि दक्षिण मुंबईतलं कुलाबा या वेधशाळेच्या दोन केंद्रांवर पर्जन्यमापकातलं पाणी मोजून ओतून दिलं जातं. नवा दिवस शून्यापासून सुरू होतो. लोकल नेहमीसारख्या खच्चून भरलेल्या. छत्री घेतली की झालं, एवढीच तयारी.

दुपारी 2:30
उपनगरांवर आभाळ फाटतं. अडीच ते साडेतीन या एका तासात सांताक्रूझला 190 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे साठ मिनिटांत प्रत्येक गच्चीवर, प्रत्येक अंगणात जवळपास वीतभर पाणी. शंभर वर्षांहून जुन्या गटारांची ताकद ताशी 25 मिलिमीटरची, तीही ओहोटी असेल तर.

मंत्रालय आणि महापालिकेचं मुख्यालय दोन्ही दक्षिण मुंबईत. तिथे पाऊस साधासुधा. ज्यांनी ‘थांबा’ म्हणायचं, त्यांच्या खिडकीबाहेर काहीच घडत नव्हतं. कचेऱ्या सुटू लागल्या. पाऊस वाढतोय, लवकर निघा, असं लोक एकमेकांना मायेने सांगत होते. त्या दिवशीचा सगळ्यांत घातक सल्ला तोच ठरला.

दुपारी 3:50
भरती. समुद्र 4.48 मीटरपर्यंत चढतो. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांची बहुतेक तोंडं भरतीच्या पातळीखाली, आणि त्यांना दारं जवळपास नाहीतच. वरून येणारं पाणी खाली जाईना, उलट समुद्रच आत ढकलू लागला. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी ज्या मिठी नदीत उतरतं, तिचं पात्र भराव आणि झोपड्यांनी आवळलेलं. विमानतळाच्या धावपट्टीखालून ती आधीच अंग चोरून जाते. तिने आता कुर्ला आणि कलिना व्यापलं.

संध्याकाळ
लोकल जिथल्या तिथे उभ्या. माणसं रुळांत उतरून चालू लागली. गाड्यांमधले मात्र बसून राहिले, कारण आत कोरडं होतं. पाणी बोनेटवर चढलं, इंजिन बंद पडलं, मग काचांची बटणं मेली. सेंट्रल लॉक लागलेलं दार बाहेरच्या पाण्याच्या दाबाने उघडेना. अशा बंद गाड्यांत माणसं गुदमरून गेली. त्यानंतर कित्येक मुंबईकरांनी पावसाळ्यात गाडीत हातोडी ठेवायला सुरुवात केली.

साकीनाक्याला दरड कोसळून सत्तरहून अधिक जण गाडले गेले.

रात्र
उपनगरांत वीज नाही, फोन लागत नाहीत. मुलं शाळेतच झोपली. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर अनोळखी माणसांनी रात्र काढली. चौकाचौकांत पोरांनी दोर बांधून लोकांना पलीकडे नेलं आणि घराघरांतून चहा-बिस्किटं बाहेर आली. शहर वाचलं ते बरंचसं या दोरांवर.

बुधवार, 27 जुलै, सकाळी 8:30
पुन्हा मोजणी. सांताक्रूझ: 944.2 मिलिमीटर. कुलाबा: 73.4. वीस-पंचवीस किलोमीटरांत एवढा फरक. विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद राहिला. मुंबईत चारशेहून अधिक माणसं पुरात गेली आणि मागाहून लेप्टोस्पायरोसिससारख्या आजारांनी आणखी दोनशेच्या वर. सरकारने सुट्टी जाहीर केली. ‘आहात तिथेच थांबा’ हा निरोप मात्र आदल्या दुपारी अडीचला हवा होता.

पुढे माधवराव चितळे समितीने या पुराची चिकित्सा केली. महापालिकेने शहरभर दर 15 मिनिटांनी आकडा कळवणारे पर्जन्यमापक बसवले, कुलाब्याला डॉप्लर रडार आलं. म्हणजे शहराने आपलं घड्याळ दुरुस्त करून घेतलं.

आता भिलाईची वेळ
समुद्रापासून दूर आहोत, हा दिलासा झेंगझोऊच्या लोकांनाही होता. चीनच्या त्या आतल्या शहरात 20 जुलै 2021 रोजी दुपारी 4 ते 5 या तासात 201.9 मिलिमीटर पाऊस पडला. मेट्रो चालूच राहिली, बोगद्यात पाणी शिरलं आणि 14 प्रवासी गेले.

त्याच दिवशी जवळच्या डेंगफेंगमध्ये ॲल्युमिनियमच्या एका कारखान्याची कुंपणभिंत पहाटे 4 वाजता पुराने पाडली. लगेच वीज तोडली, काम थांबवलं. 5 पर्यंत शेवटचा कामगारही बाहेर. 6 च्या सुमारास पाणी वितळलेल्या धातूपर्यंत पोचलं आणि स्फोटाने आभाळ पेटलं. जीव मात्र एकाचाही गेला नाही. तप्त धातूत पाणी गेलं की काय होतं, हे भिलाईत कुणाला शिकवावं लागत नाही.

आपल्या पोलाद कारखान्यात दुपारी 2 ला शिफ्ट बदलते. मेन गेट आणि बोरिया गेटवर सकाळचे बाहेर पडतात, दुपारचे आत शिरतात. हजारो दुचाकी एकाच वेळी रस्त्यावर. चंद्रा-मौर्या टॉकीजजवळचा अंडरब्रिज साध्या पावसातही तुंबतो. मुंबईचा तो एक तास इथे नेमका त्या वेळेला आला, तर दोनला दहा मिनिटं कमी असताना कुणीतरी म्हणायला हवं: भोंगा होऊ दे, गेट उघडू नका, आतल्यांना आत राहू द्या, घरच्यांना घरी.

ते कोण म्हणणार, हे पाऊस येण्याआधी ठरलेलं बरं.