स्वालीच्या लढाईने काय ठरवले नाही

स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शक पुस्तकांत एक ओळ हमखास सापडते : १६१२, स्वालीची लढाई, इंग्रजांकडून पोर्तुगीजांचा पराभव, भारतीय समुद्रावरील पोर्तुगीज वर्चस्वाचा अंत. जाडजूड ग्रंथांतही याच ओळीचे चार परिच्छेद झालेले असतात. दोन इंग्रज जहाजांनी पोर्तुगीज ताफ्याची दाणादाण उडवली, ते पाहून जहांगीर बादशहाचे डोळे उघडले, त्याने इंग्रजांना सुरतेस वखार दिली आणि पुढच्या राज्याचा पाया तिथेच पडला, अशी ही साखळी आहे. ऐकायला सुरेख आहे. तिची एकेक कडी हातात घेऊन पाहिली की मात्र ती निखळू लागते.

पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. शंभर वर्षे हिंदी महासागरात कार्ताझ नावाचा पोर्तुगीज परवाना घेतल्याशिवाय व्यापारी जहाज हाकारणे धोक्याचे होते. ईस्ट इंडिया कंपनीचा विल्यम हॉकिन्स १६०८ मध्ये सुरतेला उतरला, पुढच्या वर्षी आग्र्याला पोचला, बादशहाने त्याला चारशेची मनसबही दिली. तरीही १६११ मध्ये त्याला वखारीच्या पक्क्या फर्मानाविना दरबार सोडावा लागला, आणि त्यामागे पोर्तुगीजांचा दबाव होता यात शंका नाही. म्हणजे पोर्तुगीज आरमाराचा धाक हाच अडसर; लढाईने तो धाक मोडला आणि दार उघडले. युक्तिवाद सरळ आहे आणि पहिला भाग खराही आहे. घोटाळा दुसऱ्या भागात आहे.

स्वाली म्हणजे सुवाली, सुरतेच्या पश्चिमेचे किनाऱ्यावरचे गाव. तापीच्या मुखात गाळ, त्यामुळे मोठी जहाजे सुरतेपर्यंत जाऊ शकत नसत. सुवालीसमोर मात्र समुद्रात वाळूचा लांबलचक दांडा आहे आणि दांडा व किनारा यांच्यामध्ये खोल पाण्याची चिंचोळी पट्टी. खंबायतच्या आखातातली भरती-ओहोटी भारतात सर्वांत जबर. ओहोटीला दांडा उघडा पडतो. आत शिरलेल्या जहाजावर बाहेरून हल्ला करायचा तर भरतीची वेळ साधावी लागते आणि वाटही नेमकी ठाऊक असावी लागते. इंग्रजांना ही जागा लढाईच्या आदल्या वर्षी, हेन्री मिडल्टनच्या सफरीत सापडली होती.

टॉमस बेस्टची दोन जहाजे, ‘रेड ड्रॅगन’ आणि धाकटे ‘होसियांडर’, सप्टेंबर १६१२ मध्ये सुरतेला आली. नूनो द कुन्याच्या हाताखालच्या पोर्तुगीज ताफ्यात चार मोठी गॅलियन आणि वल्ह्यांची पंचवीसेक लहान गलबते होती. इंग्रजांच्या जुन्या पंचांगानुसार २९ नोव्हेंबरला गाठ पडली. त्या दिवशी कुणाचे फारसे बिघडले नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच ‘ड्रॅगन’ चार गॅलियनांच्या मधून दोन्ही बाजूंना तोफा डागत गेले, दुसऱ्या अंगाने ‘होसियांडर’ येऊन मिळाले आणि तीन गॅलियन वाळूवर चढून बसली. आपल्या पुस्तकांतली कथा इथेच थांबते. ती तिन्ही गॅलियन नंतर पुन्हा पाण्यावर आली, हे वाक्य गाळले जाते. त्याच रात्री पोर्तुगीजांनी आग लावण्यासाठी एक गलबत इंग्रजांवर सोडले. पहारेकरी जागे होते, त्यांनी ते तोफांनी बुडवले. पुढे काही दिवस दोन्ही ताफे एकमेकांकडे पाहत उभे. मग बेस्ट सौराष्ट्राच्या किनाऱ्याकडे गेला, डिसेंबरच्या अखेरीस तिथे आणखी एक झुंज झाली, तीही निकालाविना. एकही गॅलियन बुडाले नाही, एकही इंग्रजांच्या हाती लागले नाही. बेस्टने शौर्य गाजवले, यात वाद नाही. पण आरमार नष्ट होणे म्हणजे काय, हे या लढाईवरून कळत नाही.

शिवाय ही हकीकत आपल्याला मुख्यतः इंग्रजांच्याच रोजनाम्यांतून ठाऊक आहे : खुद्द बेस्टचा, ‘होसियांडर’वरच्या राल्फ स्टँडिशचा, आणखी एकदोघांचा. जिंकल्याची भावना घेऊन घरी पत्रे लिहिणाऱ्यांची ही साक्ष. ती खोटी ठरवण्याचे कारण नाही, पण शत्रूकडचे किती मेले हे मोजण्याचे काम तिच्यावर सोपवू नये.

आता कालक्रम. बेस्टने गुजरातच्या अधिकाऱ्यांशी व्यापाराचा करार केला तो ऑक्टोबर १६१२ मध्ये, म्हणजे लढाईच्या महिनाभर आधी. बादशहाची मान्यता त्याच्या हाती पडली ६ जानेवारी १६१३ ला. ३० नोव्हेंबरची बातमी आग्र्याला पोचून, दरबारात विचार होऊन, कागद तयार होऊन सदतीस दिवसांत परत यायचा, तर जासुदांना उसंत मिळता कामा नये. अशक्य म्हणत नाही. पण मूळ करार आधीचा आहे, याला काय उत्तर? कार्य आधी आणि कारण मागाहून, असे कोणत्याही तर्कशास्त्रात बसत नाही.

मग सुरतेचे अधिकारी ऑक्टोबरात का वळले? याचे उत्तर तांबड्या समुद्रात आहे. सुरतेत व्यापार करू न दिल्याचा राग मिडल्टनने १६१२ मध्ये तिकडे जाऊन काढला. मोखा-जेद्द्याला निघालेली गुजरातची जहाजे त्याने अडवली आणि त्यांचा माल आपल्या मनाच्या भावाने इंग्रजी मालाशी बदलून घेतला. सभ्य भाषेत अदलाबदल, एरवी लूटच. सुरतेचा सारा श्वास त्या व्यापारावर आणि हजच्या वाहतुकीवर चालत असे. ही बातमी पोचल्यावर सुरतेच्या व्यापाऱ्यांना कळून चुकले की इंग्रजांना बंदराबाहेर ठेवले तर ते समुद्रात आडवे येतात. त्यापेक्षा बंदरात बसवलेले बरे. पोर्तुगीजांना हरवणारा म्हणून नव्हे, तर उपद्रव देऊ शकणारा आणखी एक फिरंगी म्हणून इंग्रजाला जागा मिळाली.

यावर कुणी म्हणेल, वखार टिकली ती तरी लढाईमुळेच. तेही तपासू. जानेवारीत बेस्ट आचेकडे निघून गेला आणि सुरतेसमोरचे पाणी पुन्हा पूर्वीसारखे झाले. ‘वर्चस्व संपलेल्या’ पोर्तुगीजांनी दहाच महिन्यांत, सप्टेंबर १६१३ मध्ये, सुरतेच्या तोंडावर ‘रहीमी’ हे जहाज पकडले आणि यात्रेकरूंसकट गोव्याला नेले. जहाज साधेसुधे नव्हते. ते जहांगीरची आई मरियम-उझ-झमानी हिच्या मालकीचे होते आणि त्याच्याकडे पोर्तुगीजांचाच कार्ताझ होता. पैसे घेऊन दिलेला परवाना स्वतःच पायदळी तुडवायचा आणि तोही राजमातेचा, याहून मोठी आत्मघातकी चाल शोधून सापडणार नाही. जहांगीर खवळला. सुरतेतला पोर्तुगीज व्यापार बंद झाला, जेझुइटांच्या चर्चना टाळे लागले, मोगल सरदार मुकर्रबखानाला दमणवर पाठवण्यात आले. मोगल दरबारात इंग्रजांचे वजन वाढले ते या प्रकरणाने.

वाढले तरी किती? ऑक्टोबर १६१४ मध्ये निकोलस डाउंटन चार जहाजे घेऊन आला, तेव्हा मुकर्रबखानाने त्याला पोर्तुगीजांविरुद्ध सरळ मदत मागितली. १६०४ पासून इंग्लंड आणि स्पेन-पोर्तुगालच्या राजात तह होता, म्हणून डाउंटनने नकार दिला आणि खानाची मर्जी उतरली. पुढे १६१५ च्या आरंभी खुद्द गोव्याचा व्हाइसरॉय जेरोनिमो द अझेवेदू मोठा ताफा घेऊन सुवालीवर चालून आला, तेव्हा डाउंटनला लढावेच लागले. ही झुंज १६१२ पेक्षा कितीतरी भारी होती. ‘होप’ या जहाजावर पोर्तुगीज चढले, हातघाईची लढाई झाली, त्यांना मागे रेटले गेले आणि त्यांची गलबते जळाली. जहांगीरने आपल्या आत्मवृत्तात व्हाइसरॉयच्या या पराभवाची आनंदाने नोंद केली आहे. पण त्याच वर्षी जूनमध्ये मोगल आणि पोर्तुगीज यांच्यात समेटाचा मसुदा झाला आणि त्यात इंग्रज-डचांना थारा न देण्याचे कलम होते. कलम अमलात आले नाही, ही गोष्ट वेगळी. विजयी इंग्रजांना सौद्यात सोडून देण्याची तयारी होती, एवढे त्यातून दिसते. सप्टेंबरात आलेला इंग्रज वकील टॉमस रो जवळजवळ साडेतीन वर्षे खेटे घालूनही बादशहाकडून हवा तसा सर्वंकष तह मिळवू शकला नाही.

अन्वय-व्यतिरेकाची कसोटी लावली तर खटला तिथेच संपतो. लढाई असली तरच वखार मिळते, असा नियम असेल तर १६११ मध्ये मच्छलीपट्टणला कुतुबशाहीच्या राज्यात इंग्रजांची वखार कशी निघाली? तिथे पोर्तुगीजांशी कोणती लढाई झाली होती? डचांचे पाहा. पीटर व्हान डेन ब्रूक १६१६ मध्ये सुरतेला आला आणि थोड्याच वर्षांत तिथे डचांची वखारही उभी राहिली. त्यांनी सुवालीसमोर एकाही पोर्तुगीज गॅलियनला वाळूवर चढवले नव्हते. पुढे १६६८ मध्ये फ्रेंच आले. त्यांनाही कुणाशी लढावे लागले नाही. चावी आग्र्याला होती. समुद्रावरचे फिरंगी फक्त दारावर धडका मारत होते.

आणि पोर्तुगीजांचे कंबरडे मोडले कुणी? अंबोइना १६०५, मलाक्का १६४१, कोलंबो १६५६, कोचीन १६६३ : हे सगळे डचांचे. १६३६ पासून काही वर्षे डच ताफे दरवर्षी मांडवीच्या तोंडाशी येऊन गोवा कोंडत असत. होर्मुझ १६२२ मध्ये गेले त्यात इंग्रज होते, पण जमिनीवरचे सैन्य इराणच्या शाह अब्बासचे. हुगळी १६३२ मध्ये शाहजहानने घेतली. इंग्रजांनी मात्र १६३५ मध्ये गोव्यात जाऊन व्हाइसरॉयशी सलोखा केला आणि मुंबई त्यांना मिळाली ती लग्नातल्या आहेरातून. ज्या ‘रेड ड्रॅगन’ने पोर्तुगीज युग संपवल्याचे सांगतात, ते जहाज १६१९ मध्ये सुमात्राच्या तिकूजवळ डचांनी पकडले. समुद्र कुणाचा होत चालला होता, हे लंडनच्या कंपनीला त्या दिवशी नीट कळले असणार.

म्हणून स्वालीची लढाई कवडीमोलाची होती असे नाही. दोन जहाजे योग्य जागा निवडून मोठ्या ताफ्यासमोर टिकाव धरू शकतात, हे कंपनीच्या भागधारकांना समजले. सुरतेत मागे राहिलेल्या टॉमस ऑल्डवर्थसारख्या वखारवाल्याला पाय रोवून बसण्याची हिंमत आली. सुवालीचे पाणी पुढे अनेक वर्षे इंग्रज जहाजांचा नांगर टाकण्याचा हक्काचा तळ ठरले. एवढे श्रेय तिला द्यावे.

वर्चस्वाच्या अंताचे श्रेय मात्र देता येत नाही, आणि हे महाराष्ट्रात तरी सांगायची गरज पडू नये. दीव, दमण, वसई, चौल ही पोर्तुगीज ठाणी स्वालीनंतरही तशीच उभी होती, आणि कार्ताझ पुढेही कित्येक वर्षे विकले जात होते. उत्तर कोकणातली पोर्तुगीज सत्ता मोडण्यासाठी मराठ्यांना १६१२ नंतर सव्वाशे वर्षांनी, १७३७ ते १७३९ अशी दोन वर्षे मोहीम चालवावी लागली आणि एकट्या वसईच्या तटाखाली चिमाजी आप्पांची हजारो माणसे कामी आली.