नेटचा स्पीड भरपूर, तरी गेममध्ये लॅग का? नवा प्लॅन घेण्याआधी या सेटिंग्ज तपासा

धाराशिव तालुक्यातलं तेर म्हणजे तेरणाकाठचं, संत गोरोबाकाकांचं गाव. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात ते ‘तगर’ या नावाने येतं. तेव्हा इथला माल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जायचा. ग्रंथातल्या हिशेबाने हा प्रवास सुमारे ३० दिवसांचा. आज याच गावातून बीजीएमआय किंवा व्हॅलोरंट खेळणाऱ्याची तक्रार असते की गोळी सर्व्हरपर्यंत पोहोचायला १५० मिलिसेकंद लागतात. त्याच्या जागी ती तक्रार रास्तच आहे. समोरासमोरच्या लढतीत तेवढ्या वेळात निकाल लागलेला असतो.

अशा वेळी बहुतेक जण जास्त एमबीपीएसचा महागडा प्लॅन घेतात. पैसे जातात, लॅग तसाच राहतो.

स्पीड वेगळा, पिंग वेगळा

शूटर गेमला डेटा फारसा लागत नाही, चालू मॅचला एक एमबीपीएसही पुरतो. महत्त्वाचं असतं ते पिंग, म्हणजे तुमच्या फोनमधून निघालेला संदेश सर्व्हरला शिवून परत यायला लागणारा वेळ. हा वेळ सतत वरखाली होत असेल तर त्याला जिटर म्हणतात, आणि संदेश वाटेतच हरवले तर पॅकेट लॉस. पिंग स्थिर ६० असेल तर सवय होते. पण ३० वरून १८० आणि पुन्हा ४० असं होत असेल, तर नेम लागणं अवघड.

तेर ते मुंबई हवाई अंतर साधारण ३५० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन चार मिलिसेकंदही लागत नाहीत. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ चे सर्व्हर मुंबईत आहेत. थोडक्यात, अंतर हा दोषी नाही. वेळ खर्च होतो तो घरातल्या वाय-फायमध्ये, मोबाइल टॉवरवर आणि कंपनीच्या वळणावळणाच्या मार्गात. मात्र गेममध्ये चुकून सिंगापूर सर्व्हर निवडला असेल, तर कुठल्याही सेटिंगने पिंग ३५ च्या खाली येणार नाही. म्हणून आधी सर्व्हरचं नाव बघा.

दोष कुठे आहे, हे आधी शोधा

कॉम्प्युटरवर पिंग कमांड किंवा फोनवर एखादं पिंग ॲप वापरून आधी स्वतःच्या राउटरला पिंग करा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो आणि राउटरच्या मागे चिकटवलेला असतो. मग बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला करा. दोन्ही वेळा किमान ५० संदेश जाऊ द्या.

राउटरचाच आकडा २ वरून ८० वर उडत असेल, तर गडबड घरातल्या वाय-फायमध्ये आहे. राउटर शांत आणि बाहेरचा आकडा उडतोय, तर गडबड लाइनमध्ये किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या वापरात. दोन्ही आकडे ठीक असूनही चित्र अडखळत असेल, तर नेटला दोष देऊ नका, फोन तापलाय. ग्राफिक्स कमी करा.

वाय-फाय की वायर?

कॉम्प्युटर असेल तर लॅन केबल लावा, बाकी कुठलीही सेटिंग तिच्या तोडीची नाही. फोनसाठी राउटरमधला ५ गिगाहर्ट्झ बँड निवडा. पण माळवदाच्या किंवा जाड दगडी भिंतीपलीकडे तो टिकत नाही. तिथे २.४ गिगाहर्ट्झच वापरावा लागेल. मग चॅनेल ‘ऑटो’वर न सोडता १, ६ किंवा ११ पैकी शेजाऱ्यांचा सगळ्यात कमी गोंधळ असलेला निवडा. ब्लूटूथ इअरफोनही याच पट्ट्यात चालतात आणि आवाज उशिरा पोहोचवतात, त्यामुळे पावलांचा आवाज ऐकायचा तर वायरवाले बरे.

खरा चोर: अपलोड

गळीत हंगामात साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर उसाच्या ट्रॉल्यांची रांग आठवा. रस्ता चांगला असला तरी मागे अडकलेल्या मोटारसायकलला थांबावंच लागतं. राउटरमध्ये हेच घडतं. घरात कुणाचा फोन फोटोंचा बॅकअप घेऊ लागला किंवा सीसीटीव्हीचं फुटेज वर चढू लागलं की गेमचे चिमुकले संदेश त्या रांगेत उभे राहतात. याला बफरब्लोट म्हणतात.

राउटरच्या सेटिंगमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम हा पर्याय असेल तर तो चालू करून मर्यादा मोजलेल्या स्पीडच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. थोडा स्पीड सोडला की रांग राउटरच्या ताब्यात राहते. कंपनीने दिलेल्या साध्या राउटरमध्ये हा पर्याय अनेकदा नसतो. मग उपाय घरगुती: बॅकअप रात्री उशिरावर टाका, प्ले स्टोअरचं ऑटो-अपडेट आणि व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड बंद करा.

मोबाइल डेटावर खेळणाऱ्यांसाठी

५जी ची एकच कांडी येत-जात असेल तर फोन सतत ५जी-४जी उड्या मारतो आणि प्रत्येक उडीला झटका बसतो. सिम सेटिंगमध्ये नेटवर्क प्रकार ४जी वर ठेवून बघा. बॅटरी सेव्हर बंद ठेवा. रात्री आठ ते अकरा टॉवरवर गर्दी असते, त्यावर फोनमध्ये इलाज नाही. हीच मॅच सकाळी खेळून फरक बघता येतो.

डीएनएस आणि ‘पिंग बूस्टर’

डीएनएस बदलल्याने वेबसाइट पटकन उघडू शकते, चालू मॅचचं पिंग कमी होत नाही. ‘पिंग बूस्टर’ ॲप बहुतेकदा व्हीपीएनच असतात. कंपनीचा मार्ग खरंच लांबचा असेल तरच त्यांचा उपयोग, एरवी वाट आणखी लांबते, शिवाय तुमचा सगळा डेटा अनोळखी हातांतून जातो. घ्यायचंच असेल तर फुकटच्या मुदतीत, लॅगच्या वेळी, आधीचा आणि नंतरचा आकडा लिहून ठेवा.

दोष लाइनचाच निघाला तर तारीख-वेळेसह पिंगचे स्क्रीनशॉट जोडून कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. ‘ट्राय’च्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत लेटन्सी आणि पॅकेट गळतीचेही निकष आहेत. त्यामुळे ‘स्पीड तर बरोबर येतोय’ एवढ्या उत्तरावर फोन ठेवायची गरज नाही. तक्रार सुटली नाही, तर कंपनीच्याच अपिलीय प्राधिकाऱ्याकडे जाता येतं.