कर्ण्याची पेटी

माणदेशात पाऊस कमी आणि जत्रा जास्त. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. त्याच महिन्यात शेजारच्या खटाव तालुक्यात पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरते, चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी चढतात. ह्या मोठ्या जत्रांच्या मधल्या फटीत गावोगावच्या बिरोबा-म्हसोबांच्या जत्रा असतातच. ह्या जत्रांना जी जी करमणूक यायची, ती पेटीत बसून यायची. तमाशाच्या फडाच्या पेट्या ट्रकातनं उतरायच्या, त्यांच्यावरच बायका बसायच्या आणि झाकणाला आरसा टेकवून कुंकू लावायच्या. तंबूतला सिनेमा यायचा, त्याच्या रिळांचे गोल पत्र्याचे डबे आम्ही पोरं मोजत बसायचो. तमाशावर शहाण्या लोकांनी पुष्कळ लिहिलं आहे, तंबूतल्या सिनेमावरही लिहिलं आहे. पेटीवर कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी, मला तमाशाचा इतिहास सांगता यायचा नाही. पण एक पेटी पहिल्या फळीपासून शेवटच्या चुकेपर्यंत होताना मी पाहिली आहे, आणि त्या पेटीनं आमच्या गावात काय केलं तेही पाहिलं आहे.

साल 1975. बहात्तरच्या दुष्काळातनं गाव नुकतं डोकं वर काढत होतं. आमचे धाकटे चुलते, ज्यांना सगळा गाव तात्या म्हणायचा, त्यांनी कुठूनसा एक जुना लाऊडस्पीकरचा संच विकत आणला. काचेच्या व्हॉल्व्हचा अहुजाचा अँप्लिफायर, तबकड्या वाजवायचं यंत्र, दोन कर्णे आणि बारा व्होल्टची ट्रकची बॅटरी. गावात अजून विजेचा खांब आला नव्हता, म्हणून बॅटरीवर चालणारा संच. लग्नाला पन्नास रुपये, बारशाला पंचवीस, देवाच्या पालखीला फुकट, असा दर ठरला. तात्याला वाटलं, शेतात पिकेना तर वाऱ्यात पिकवू.

पण संच न्यायचा कशातनं? गाडीतनं. आणि गाडी म्हणजे आपली लाकडी चाकाची, लोखंडी धावेची. डनलॉप टायरची गाडी तेव्हा गावात एकच होती आणि तिचा मालक ती कुणाला देत नसे. पहिल्या लगनसराईत तात्यानं साबणाचं खोकं घेतलं, त्यात भुसकट भरलं आणि संच घालून नेला. महिन्याभरात बारा तबकड्यांचे तुकडे झाले. त्या वेळी जुन्या लाखेच्या तबकड्या बऱ्याच होत्या, त्या दिसायला दगडासारख्या पण पडल्या की कौलासारख्या फुटायच्या. भुसकटाची धूळ अँप्लिफायरात गेली ती निराळीच. एका लग्नात ऐन मंगलाष्टकाला आवाज गेला. व्हॉल्व्ह हादऱ्यानं बुडातनं ढिला झाला होता. वरबापानं पन्नासातले वीसच दिले.

तेव्हा तात्या सुतारआबांकडं गेला.

सुतारआबा म्हणजे आमच्या भावकीचे बलुतेदार. औत, कुळव, तिफण, पाभर, काही मोडलं की त्यांच्या दारात नेऊन टाकायचं. ते दुरुस्त करून द्यायचे, आणि सुगीला खळ्यावर येऊन औतामागं ठरलेली ज्वारी आणि कडब्याच्या पेंढ्या घेऊन जायचे. नवी गाडी किंवा घराचं लाकूडकाम असलं तर बोली वेगळी व्हायची, पण तीही बहुतेक दाण्यातच. त्र्यंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ लिहिला, त्यात ही सगळी रीत आहे. साठ वर्षांनीसुद्धा आमच्याकडं तिचा सांगाडा बऱ्यापैकी शाबूत होता.

तात्यानं सांगितलं, “आबा, एक पेटी करून द्या. लाकूड माझं. सुगीला पायलीभर ज्वारी जास्त घाला म्हनतो.”

सुतारआबांनी विडी विझवली. म्हणाले, “तात्या, तुमचं औत मोडलं तर राच्ची हाक मारा, कंदील लावून जोडून देतो. त्ये बलुतं. पर ह्या पेटीवर तुमी लग्नाला पन्नास रुपयं घेनार. मग पेटीला दानं कसं?”

तात्या गप्पच झाला. हा प्रश्न गावात आजवर कुणी विचारला नव्हता. नांगर चालवून आम्ही ज्वारी पिकवायचो, म्हणून नांगर करणाराला ज्वारी. हिशेब सरळ. पण ज्या वस्तूवर नोटा मिळायच्या, ती करणाराला काय द्यायचं? संध्याकाळी पारावर हा विषय निघाला. जुनी माणसं म्हणाली, सुतार माजला. एकजण म्हणाला, कर्णा देवाच्या पालखीला वाजतो, म्हणजे गावकीचा झाला, गावकीच्या कामाला पैसा कसला? त्यावर आमच्या आज्ज्यानं विचारलं, “मग लग्नातलं पन्नास बी गावकीत घाला की.” त्या दिवशी तिथं आणखी कुणी बोललं नाही. साठ रुपये रोख ठरले. बाजारात सुताराची मजुरी तेव्हा दिवसाला सात-आठ रुपये होती, आठ दिवसांचं काम, म्हणजे सुतारआबांनी रास्तच मागितलं होतं.

काम आमच्या सोप्यातच झालं. मी नववीत होतो, शाळा सुटली की तिथं जाऊन बसायचो.

सुतारआबांनी पहिले दोन दिवस लाकडाला हातच लावला नाही. तात्या वैतागला. त्यांनी संचाचं एकेक सामान उचलून पाहिलं, खाली ठेवलं, परत उचललं. अँप्लिफायर एका अंगाला जड लागतो हे त्यांना पहिल्या उचलीतच कळलं, कारण आतला ट्रान्सफॉर्मर एका कडेला असतो. म्हणाले, “ह्यो उलाळ हाय.” गाडीत माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरनं उचलायला लागतं. तोच शब्द त्यांनी यंत्राला लावला. म्हणून पेटीच्या मुठी त्यांनी मधोमध न लावता जड अंगाकडं चार बोटं सरकवून लावल्या. पाहणाऱ्याला मुठी वाकड्या वाटायच्या, पण दोघांनी पेटी उचलली की ती पाण्यातल्या घागरीसारखी सरळ राहायची.

लाकडाचंही असंच. तात्याकडं बाभळीच्या फळ्या होत्या. बाभूळ चाकाला, नांगराला उत्तम, पण पेटीला जड. “रिकामीच दोन मानसाला उचलायची नाही, मग भरल्यावर बैलानं उचलायची का?” सागवान परवडणारं नव्हतं. शेवटी चौकटीला जुन्या दाराचं सागवान, बाजूंना आंब्याच्या पातळ फळ्या आणि तळाला लिंब, कारण लिंबाला कीड सहसा लागत नाही. कोपऱ्यात नुसत्या चुका मारल्या असत्या तर गाडीच्या हादऱ्यानं महिन्यात निघाल्या असत्या. आबांनी चौकटीच्या लाकडांत खाचा आणि कुसू पाडले, सरस लावून ठोकले आणि आरपार लाकडी खुंट्या मारल्या. फळ्या मात्र घट्ट न बसवता चौकटीतल्या खोबणीत किंचित सैल सोडल्या. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं, त्याला अंग हलवायला जागा पाहिजे.

आत तीन खण. तबकड्यांचा खण साडेबारा इंच उंच ठेवला, कारण मोठ्या तबकड्या बारा इंचाच्या असतात आणि जुन्या दहा इंचाच्या. तबकड्या उभ्याच ठेवायच्या आणि दाटीनं ठेवायच्या, आडव्या रचल्या की वरच्यांचं ओझं खालच्यांवर येतं. कमी तबकड्या असल्या तर मोकळ्या जागेत सरकवायला एक सुटी फळी दिली. अँप्लिफायरच्या खणाला चारी बाजूंनी घोंगडीचे तुकडे. आमच्याकडं घोंगडीला काय तोटा? तळाला ट्रकच्या ट्यूबच्या पट्ट्या आडव्या ताणून मारल्या, म्हणजे यंत्र फळीवर न बसता रबरावर तरंगायचं. ही युक्ती आबांना बाजेवरनं सुचली, तसं ते स्वतःच म्हणाले. व्हॉल्व्ह उभेच राहतील असा खण होता. यंत्र चालू असताना तापतं, म्हणून मागची फळी कडी काढून उघडता यायची.

तिसऱ्या खणात कर्ण्यांची युनिटं, म्हणजे मागचे जड लोहचुंबकाचे भाग, फिरकी काढून ठेवायची. इथं एक गंमत झाली. तात्यानं तबकडीच्या सुयांची डबी त्याच खणात ठेवली, आणि पहिल्याच दिवशी सगळ्या सुया चुंबकाला चिकटून बसल्या, साळिंदरासारख्या. मग सुयांना झाकणाच्या आतल्या अंगाला, चुंबकापासनं लांब, वेगळी खोबण झाली.

कर्णे मात्र पेटीत कधीच गेले नाहीत. ते एकात एक घालून गाडीच्या दांडीला टांगायचे. तरी गाव तिला कर्ण्याची पेटी म्हणायचं ते म्हणायचंच.

बॅटरी ह्या पेटीत घालायची नाही, हे आबांनी ठणकावून सांगितलं. तिच्यातलं तेजाबाचं पाणी हिंदकळलं की लाकूड, लोखंड, कापड सगळं खातं. तिला लिंबाची उघडी पेटी, आतून डांबर फासलेली, दोराच्या मुठी. ती गाडीत मागं, मोठी पेटी मधे, बरोबर आसाच्या वर. गाडी खड्ड्यात पुढंमागं झुलते तेव्हा सगळ्यात कमी झोल आसावर असतो. गाडी करणारालाच हे ठाऊक असणार.

रंगावरनं पुन्हा भांडण. तात्याला काळी पेटी आणि लाल अक्षरं पाहिजे होती. आबा म्हणाले, “काळी उन्हात तव्यावानी तापंल.” नव्या तबकड्या प्लॅस्टिकच्या, फुटायच्या नाहीत पण उन्हानं पापडासारख्या वाकायच्या. झाकण पांढरं आणि बाजू निळ्या असं मिटलं. नाव मात्र तात्यानं लालच लिहून घेतलं.

पेटी तयार झाल्यावर लोहारानं कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या, कडी-कोयंडा आणि मुठी करून दिल्या. त्यानं पैशाचा विषय काढला नाही, नेहमीसारखं बलुत्यात धरलं. आठ दिवसांनी त्याला साठ रुपयांची बातमी लागली. तो तात्याच्या दारात येऊन उभा राहिला. “सुताराला नोटा आन् मला कनसं? कोयंडा काय ज्वारी खातो व्हय?” तात्यानं दहा रुपये दिले. पण खरी गोष्ट पुढच्या मिरगात झाली. फाळ शेवटायला नेला तर लोहार म्हणाला, रोख लागतील. एकट्या तात्याला नाही, सगळ्यांना.

बलुतं संपलं ते पोरं शिकली म्हणून, लोखंडी नांगर आला म्हणून, ऊस आणि ट्रॅक्टर आले म्हणून, असं सांगतात. ते खोटं नाही. पण आमच्या गावात त्याची पहिली चूक निखळली ती त्या पेटीपाशी, असं माझं मत आहे. सुतारआबांना ज्यांनी माजला म्हटलं, त्यांच्याच घरची पोरं तेव्हा मुंबईला गिरणीत पगार घेत होती. पगार त्यांनी घ्यायचा आणि सुतारानं मात्र खळ्यावर वाट बघायची, हे किती दिवस चालणार होतं?

पेटीचं काम कसं होतं ते दुसऱ्या वर्षी कळलं. म्हसवडकडनं येताना ओढ्याच्या उतरणीला बैल बुजले आणि गाडी कलंडली. पेटी दोन कोलांट्या खाऊन वाळूत पडली. एका कोपऱ्याची टोपी चेपली, एक आंब्याची फळी तडकली. आत एक व्हॉल्व्ह हलला होता, तो दाबून बसवला. तबकडी एकही फुटली नाही. त्या रात्री गावात प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं वाजली आणि मग पोरांच्या आग्रहानं शोलेचे संवाद दोनदा. बॅटरीतलं पाणी मात्र सांडलं, तात्याच्या धोतराला भोकं पडली.

मग आसपासच्या गावांतनं माणसं यायला लागली. कुणाला भजनी मंडळाच्या बाजाच्या पेटीसाठी पेटी, कुणाला बँडच्या सामानाला, एका फडाला शालू ठेवायला. सुतारआबा दर सांगायचे, निम्मे आधी घ्यायचे. चार-पाच वर्षं त्यांचं चांगलं चाललं. भावकीचं औत मात्र त्यांनी शेवटपर्यंत दाण्यावरच जोडलं. त्यांचं म्हणणं, दिलेला शब्द तो शब्द, नवं काम नव्या बोलीवर. त्यांच्या मुलानं वाकस हातात धरला नाही. तो मुंबईला फर्निचरच्या कारखान्यात गेला, प्लायवूडवर काम करतो.

ऐंशीनंतर कॅसेट आल्या आणि तबकड्यांचा खण रिकामा झाला. तात्यानं त्यात आडव्या फळ्या मारून कॅसेटचे कप्पे केले, ते काही नीट बसले नाहीत. पुढं वीज आली, बॅटरी गेली. तात्याही गेला.

आता आमच्या भावकीतल्या एका पोराचा डीजे आहे. त्याचं सामान पुण्याहून आणलेल्या काळ्या पेट्यांत असतं. प्लायवूड, कडांना अॅल्युमिनियमची पट्टी, कोपऱ्यांवर पोलादी गोळे, आत स्पंज. परवा मी एक उघडून पाहिली. घोंगडीच्या जागी स्पंज आहे, टोप्यांच्या जागी गोळे आहेत, मुठी मात्र बरोबर मधोमध आहेत. पोरं उचलताना एका अंगाला वाकतात. मी त्याला सुतारआबांचं चार बोटांचं सांगितलं. तो म्हणाला, “आज्जा, तयारच मिळतात, त्याला आपण काय करणार?”

तात्याची पेटी सोप्यात आहे. तिच्यात आम्ही खतावणी, सातबाराचे उतारे आणि सोसायटीच्या पावत्या ठेवतो. तबकड्यांच्या खणात फायली उभ्या छान राहतात. तळाच्या लिंबाला अजून वाळवी लागलेली नाही.