घरगुती प्रकाशयोजना

घरगुती प्रकाशयोजना म्हणजे निवासस्थानातील कामे, विश्रांती व वावर यांसाठी नैसर्गिक आणि कृत्रिम प्रकाशाची केलेली मांडणी होय. पुरेसा उजेड, विजेचा कमी वापर आणि अपघातापासून संरक्षण ही तिची प्रमुख उद्दिष्टे आहेत.

दिव्यांचे प्रकार

तापदीप्त दिव्यात, म्हणजेच पिवळ्या बल्बमध्ये, टंगस्टनची तार तापून प्रकाश देते. त्यात बहुतांश वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. हा दिवा सुमारे १,००० तास टिकतो. सीएफएल व ट्यूबलाइट यांत पाऱ्याची वाफ असते. एलईडी दिव्यात अर्धवाहकातून थेट प्रकाश निर्माण होतो. पांढऱ्या एलईडीचा मार्ग निळ्या एलईडीच्या शोधामुळे खुला झाला. त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वीजबचत

साधारणपणे ६० वॅटच्या पिवळ्या बल्बइतका उजेड ९ वॅटचा एलईडी दिवा देतो. रोज ५ तास वापरल्यास ३० दिवसांत पिवळा बल्ब ९ युनिट, तर एलईडी दिवा १.३५ युनिट वीज घेतो. म्हणजे एका दिव्यामागे महिन्याला ७.६५ युनिटांची बचत होते. भारतात ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या 'उजाला' योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिव्यांचे वितरण झाले.

निवडीचे निकष

वॅट हे विजेच्या वापराचे, तर ल्युमेन हे प्रकाशाचे माप आहे. त्यामुळे दिवा निवडताना दर वॅटमागे मिळणारे ल्युमेन पाहणे आवश्यक ठरते. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या तारांकनात अधिक तारे अधिक कार्यक्षमता दर्शवतात.

प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात. २,७०० ते ३,००० केल्विनचा पिवळसर प्रकाश शयनगृहास, ४,००० केल्विनच्या आसपासचा प्रकाश स्वयंपाकघर व अभ्यासाच्या जागेस उपयुक्त असतो. ६,५०० केल्विनचा प्रकाश निळसर पांढरा असतो व रात्री उशिरा तो झोपेस बाधक ठरू शकतो. रंग खरे दिसावेत यासाठी रंगदर्शन निर्देशांक किमान ८० असावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या टेबलावर प्रकाश डावीकडून आल्यास वहीवर हाताची सावली पडत नाही. फिकट रंगाच्या भिंती प्रकाश परावर्तित करतात, त्यामुळे कमी दिव्यांत काम भागते.

सुरक्षितता

स्वस्त, बिनानावाच्या दिव्यांत विद्युतरोधन अपुरे असल्यास विजेचा धक्का बसण्याचा किंवा आग लागण्याचा धोका असतो. म्हणून भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह तपासावे लागते. दिव्याचे बटण फेज तारेवर असणे अत्यावश्यक आहे. ते न्यूट्रलवर असल्यास बटण बंद करूनही होल्डरमध्ये विद्युतदाब राहतो. दिवा बदलताना मुख्य स्विच बंद करणे, हात व पाय कोरडे असणे आणि पक्क्या घोड्याचा आधार घेणे ही पथ्ये पाळली जातात. न्हाणीघरात पाण्यापासून संरक्षित दिवे वापरतात. गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअर झाल्यास वीज तोडणारे आरसीसीबी उपकरण जीवितरक्षक ठरते. पूर्ण बंद काचेच्या आवरणात एलईडी दिव्याची उष्णता कोंडून त्याचे आयुष्य घटते. जिना, उंबरठा व न्हाणीघराची वाट येथे रात्री मंद उजेड ठेवल्यास वृद्धांच्या पडण्याचा धोका कमी होतो.

विल्हेवाट

सीएफएल फुटल्यास खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर थांबावे लागते. तुकडे झाडूने न लोटता जाड कागदाने उचलून, चिकटपट्टीने बारीक कण टिपून बंद डब्यात ठेवतात. भारतातील २०१६ च्या ई-कचरा नियमांत पारायुक्त दिव्यांचा समावेश होता. असे दिवे ओल्या वा सुक्या घरगुती कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात देणे अपेक्षित असते. एलईडी दिव्यांत पारा नसला, तरी त्यांतील इलेक्ट्रॉनिक भागांमुळे तेही ई-कचऱ्यातच जमा करणे योग्य ठरते.