रणांतलें भूषण, रस्त्यावरचा गुन्हा

युद्ध संपलें कीं विजयाचे नगारे झडतात. पण हातपाय गमावून घरीं परतलेल्या शिपायाचें पुढें काय होतें? १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतरचें लंडन या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे.

तेथें कांहींच सोय नव्हती असें नाहीं. दुसऱ्या चार्ल्स राजानें १६८२ मध्यें चेल्सी येथें जायबंदी सैनिकांसाठीं आश्रम स्थापिला; ग्रीनिच येथें आरमारी खलाशांचा आश्रम होता. बाहेर राहणारांस पेन्शन मिळे. मात्र चेल्सीचें पेन्शन पूर्वी फार उशिरां हातीं येई व शिपाई सावकाराच्या पाशांत सांपडे. अखेर १७५४ सालीं थोरल्या विल्यम पिटनें तें सहामाही आगाऊ देण्याचा कायदा केला.

पण ज्याचें नांव या वह्यांत बसत नसे, त्याला रस्ता हाच आधार. जोसेफ जॉन्सन हा कृष्णवर्णीय खलाशी व्यापारी जहाजावर जखमी झाला. तो आरमाराचा नोकर नव्हता, म्हणून ग्रीनिचचें पेन्शन त्याला नाहीं! त्यानें छोटेंसें जहाज घडवून टोपीवर बसविलें. कुबड्यांवर गात तो मान लववी, तेव्हां तें जहाज लाटांवर डोलल्यासारखें दिसे. चित्रकार जॉन टॉमस स्मिथ यानें १८१७ मध्यें त्याचें चित्र प्रसिद्ध केलें, म्हणून त्याचें नांव तरी उरलें.

पुढें १८२४ च्या कायद्यानें जखम वा व्यंग उघडें करून भिक्षा मागणें हा गुन्हा ठरविला. रणांत जी जखम भूषण, ती रस्त्यावर अपराध! भीक बंद करणें सोपें असतें; भाकरीची तजवीज करणें अवघड. राष्ट्राच्या कृतज्ञतेची कसोटी तेथेंच लागते.